यंत्र, विज्ञान आणि समता : एक अभ्यास

१. विषयाची मांडणी

विज्ञान निःपक्षपाती असते, हे विधान आपण शालेय वयापासून ऐकत आलो आहोत. एका अर्थाने ते खरेही आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. ते कोणी तापवले यावर त्याचा उत्कलनबिंदू अवलंबून नसतो. विजेची तार आपल्याला स्पर्श करणाऱ्याची जात विचारीत नाही. निसर्गाच्या नियमांपुढे सर्व माणसे सारखी आहेत, हा विज्ञानाने मानवजातीला दिलेला एक मोठा धडा आहे. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या समाजात तर या धड्याचे मोल विशेष आहे.

परंतु वीज कोणत्या वस्तीत आधी न्यावी, धरणाखाली कोणाची जमीन जावी, कोणत्या कामासाठी यंत्र विकत घ्यावे आणि कोणते काम माणसाच्या हातांवरच सोडून द्यावे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. त्यांची उत्तरे समाज देतो आणि समाजाच्या वतीने राज्यसंस्था देते. तंत्रज्ञानाचा विचार येथपर्यंत आला की तो राजकीय विचार होतो. येथे राजकीय म्हणजे पक्षीय नव्हे. सत्ता, संपत्ती व प्रतिष्ठा यांच्या वाटपाशी ज्याचा संबंध येतो ते सर्व राजकीय, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. आधी यंत्रासंबंधीच्या दोन प्रसिद्ध भूमिका पाहू. त्यानंतर गिरणी, नदी, भुयारी गटार आणि शिधावाटपाचे दुकान या चार ठिकाणी या भूमिकांची परीक्षा करू.

२. यंत्रासंबंधी दोन भूमिका

महात्मा गांधींनी १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परत जाताना जहाजावर ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. यंत्राने माणसाला गुलाम केले, हिंदुस्थानातील हातमाग बुडविले आणि गिरण्यांतील मजुरांचे जीवन हलाखीचे केले, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे त्यांनी ही भूमिका काहीशी सौम्य केली. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे, असे ते सांगू लागले. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले. १९२९ साली अधिक कार्यक्षम चरख्यासाठी चरखा संघाने १ लाख रुपयांचे पारितोषिकही जाहीर केले होते. ज्या देशात कोट्यवधी हात रिकामे आहेत तेथे हातांचे काम काढून घेणारे यंत्र थोड्यांना श्रीमंत आणि पुष्कळांना बेकार करील, ही त्यांची भीती होती. ती भीती निराधार होती असे म्हणून चालणार नाही. आजही नवे यंत्र आले की पहिला प्रश्न नोकरीचाच उपस्थित होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विचाराला १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तर दिले. काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा झाडा घेणारा हा ग्रंथ असून त्यातील गांधीवादावरील प्रकरणात यंत्राचा विचार आला आहे. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचे दोन टप्पे आहेत.

पहिला टप्पा असा. पशूचे सारे आयुष्य शरीराच्या गरजा भागविण्यात जाते. माणसाला मनाचे जीवन आहे. त्याला ज्ञान, कला, विचार यांची ओढ आहे. परंतु मनाच्या जीवनाला फुरसत लागते. दिवसभर राबून थकलेल्या माणसाला ग्रंथ कोठून उघडता येणार? फुरसत हवी असेल तर कष्ट कमी झाले पाहिजेत आणि कष्ट कमी व्हावयाचे तर माणसाचे काम यंत्राने केले पाहिजे. ज्या समाजाला लोकशाही मान्य नाही त्याला यंत्राची पर्वा नसली तरी चालेल, कारण तेथे थोड्यांना फुरसत आणि उरलेल्यांना कष्ट अशी वाटणी आधीच झालेली असते. लोकशाही मानणाऱ्या समाजाला मात्र यंत्राकडे पाठ फिरविता येत नाही.

दुसरा टप्पा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, परंतु त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. यंत्रयुगातील दुःखे बाबासाहेबांनी नाकारली नाहीत. त्या दुःखांचे कारण यंत्रात नसून खासगी मालमत्तेला पवित्र मानणाऱ्या सदोष समाजरचनेत आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून उपाय यंत्र मोडण्याचा नाही, समाजरचना बदलण्याचा आहे. याचाच अर्थ असा की, जुन्याच समाजरचनेत नवे यंत्र आणून बसविले तर त्यापासून समता आपोआप निर्माण होणार नाही.

बाबासाहेबांनी हा विचार ग्रंथापुरता ठेवला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. हिंदुस्थानातील बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा तोवर ५४ तासांचा होता. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने तो ४८ तासांवर आला आणि ते विधेयक विधिमंडळात बाबासाहेबांनीच मांडले होते. कारखान्यात यंत्र पूर्वीही होतेच. पण यंत्राने वाचविलेल्या वेळेतील ६ तास कामगाराच्या पदरात पडण्यासाठी कायदा करावा लागला. यंत्र फुरसत निर्माण करते. ती कोणाला मिळावी हे कायदा, संघटना व सत्ता यांवर ठरते.

३. गिरणीतील धोटा

जुन्या समाजरचनेत नवे यंत्र आले म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व देशावरून हजारो माणसे रोजगारासाठी तेथे आली. वाफेच्या, पुढे विजेच्या बळावर चालणाऱ्या त्या यंत्रांपुढे जातिभेद विरघळून जाईल, अशी आशा कोणी बाळगली असती तर ती अस्थानी म्हणता आली नसती.

प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना सूतकताईच्या रिंग खात्यात काम मिळे, परंतु अधिक मजुरी देणाऱ्या विणाई खात्याचे दार त्यांना बंद असे. त्यासाठी जे कारण पुढे केले जाई ते यंत्राच्या एका लहानशा भागाशी निगडित होते. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटातील कांडीवरचे सूत उलगडत जाते. कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सुताचे टोक श्वासाने ओढून बाहेर काढी. त्या सुताला थुंकी लागे. मग जो धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागला तो स्पृश्याने तोंडाला कसा लावावा, असा प्रश्न उभा केला जाई. अशा रीतीने लँकेशायरहून आलेल्या यंत्रात जातीने आपली जागा शोधली.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तोंड न लावता हाताने सूत ओवता येईल असे धोटे त्या काळी जगात उपलब्ध झालेले होते. एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावणे आरोग्याला घातक आहे, ही तक्रार विलायतेतील कामगारांतही होती. म्हणजे अडचण खरोखर धोट्याचीच असती तर धोटा बदलून ती दूर करता आली असती. अडचण माणसांच्या मनात होती आणि धोटा हे तिचे निमित्त होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. कामगारांची एकजूट हवी असेल तर कामगारांतील विषमतेकडे डोळेझाक करून ती साधणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

या उदाहरणातून एक नियम काढता येतो. नवे तंत्रज्ञान रिकाम्या जागेत येत नाही. ते आधीच उतरंडीत मांडलेल्या समाजात येते आणि कोणी जाणीवपूर्वक प्रयत्न केला नाही तर त्या उतरंडीचाच आकार घेते.

४. नदी, वीज आणि विस्थापित

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यात आपल्याला प्रिय असलेल्या भूमिकेचीच परीक्षा होते.

१९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर नदीच्या नियंत्रणाचा विचार सुरू झाला. सिंचन आणि वीज हे विषय तेव्हा मजूर खात्याकडे होते. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक या सर्वांचा एकत्र विचार करणारी योजना आखली गेली. त्यासाठी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात आणि महानदीसाठी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे झालेल्या परिषदांचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. नद्यांच्या विकासासाठी व विजेसाठी मध्यवर्ती तांत्रिक मंडळे त्याच काळात स्थापन झाली. वीज स्वस्त व मुबलक मिळाल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याखेरीज हिंदुस्थानातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असे त्यांनी १९४३ सालीच धोरण समितीपुढे मांडले होते. विजेचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दारिद्र्याचाच प्रश्न होता.

पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. मूळ योजनेत ८ धरणे होती. त्यांपैकी तिलैया, कोनार, मैथन व पंचेत ही ४ धरणे महामंडळाने १९५३ ते १९५९ या काळात पूर्ण केली. धरणांमुळे वीज आली, कालवे आले, कारखान्यांना बळ मिळाले. त्याचबरोबर या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि त्यांत संथाळ आदिवासींची गावे होती.

६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचे उद्घाटन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी ३ वर्षे पूर्ण होत होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी कळ स्वतः न दाबता धरणावर मजुरी करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ तरुणीच्या हातून ती दाबविली. ज्यांनी धरण बांधले त्यांच्याच हातून ते राष्ट्राला अर्पण व्हावे, ही कल्पना उदात्त होती. परंतु त्याच समारंभात तिने पाहुण्यांच्या गळ्यात हार घातला होता. रूढीप्रमाणे तो विवाहच झाला, असे तिच्या जमातीने ठरविले आणि परक्याशी विवाह केला म्हणून तिला वाळीत टाकले. पुढे तिची धरणावरची नोकरीही गेली. ती परत मिळण्यासाठी तिला १९८० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. सन २०२३ मध्ये तिचे निधन झाले. एका बाजूला रूढी आणि दुसऱ्या बाजूला सन्मान करून विसरून जाणारी राज्यसंस्था, यांच्यामध्ये ती सापडली. कळ दाबण्याचा मान तिला मिळाला. आपल्या आयुष्याविषयीच्या निर्णयात मात्र तिला कोणी सहभागी करून घेतले नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न त्याआधीपासून परिचित आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील भातशेती बुडणार होती, तेव्हा १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झाले, वीज मुंबईकडे गेली आणि मावळातील माणसे देशोधडीला लागली. कोयनेच्या व इतर धरणांच्या विस्थापितांनाही दीर्घकाळ झगडावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. मुळशीच्या सत्याग्रहापासून त्या कायद्यापर्यंत ५५ वर्षे लोटली.

मग यंत्राच्या बाजूने उभे राहिलेले बाबासाहेब चुकले, असे म्हणावयाचे काय? तसा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पुराने दरवर्षी उद्ध्वस्त होणारा शेतकरीही गरीबच होता, आणि काळोखात राहण्याने कोणाचीही मुक्ती होत नाही. मात्र त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा टप्पा आपण येथे आठवला पाहिजे. समाजरचना न बदलता यंत्र आणले तर दुःखे तशीच राहतील, असे त्यांनी सांगितले होते. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती यांची मालकी राज्याकडे असावी आणि ही व्यवस्था संविधानातच नमूद व्हावी, अशी मागणी केली होती. धरणे बांधली गेली, पण ही मागणी मागे पडली. आपण त्यांचा अर्धाच विचार अमलात आणला. म्हणून धरणाकडे पाहताना वीज किती निर्माण झाली एवढेच विचारून भागणार नाही. ज्याचे घर बुडाले त्याच्या नव्या घरात त्याच धरणाची वीज पोहोचली काय, हेही विचारावे लागेल.

५. भुयारी गटार आणि चंद्रावरचे यान

तिसरे उदाहरण आजचे आहे, आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे.

भुयारी गटारात व मैल्याच्या टाकीत सेंद्रिय पदार्थ कुजतात. तेथे प्राणवायू पोहोचत नसल्याने मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण हवेच्या १० लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच वास घेण्याची शक्ती बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. प्रमाण याहून पुष्कळ वाढले तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. वरचा सोबती त्याला काढण्यासाठी तसाच खाली उतरतो आणि तोही परत येत नाही. एकाच गटारात दोन-तीन माणसे दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्यामागील कारण हे आहे. त्यात दैव किंवा अपघात काही नाही. हे रसायनशास्त्र दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगता येते.

या मरणावरचा उपायही ज्ञात आहे. दाबाने पाणी सोडून गाळ मोकळा करणारी आणि तो ओढून घेणारी यंत्रे जगात अनेक दशके वापरात आहेत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. तो मॅनहोलमध्ये उतरतो, कॅमेऱ्याने आतले दाखवितो आणि गाळ वर काढतो. म्हणजे विज्ञानाकडे उत्तर नाही असे नाही.

कायदाही आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. त्याहून व्यापक असा दुसरा कायदा २०१३ साली झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून तो अमलात आला. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरविणे हा त्यानुसार गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारांत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तरीही शासनाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या ५ वर्षांत गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना ३७७ माणसे मरण पावली.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्यानंतर २ महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपयांपर्यंत वाढवावी लागली. चंद्रावर यान पाठविणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या यानामागचे ज्ञान आणि शिस्त यांचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण जो देश ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर असलेल्या चंद्रावर यंत्र सुखरूप उतरवू शकतो, त्या देशात काही मीटर खोल गटारात यंत्राऐवजी माणूस का उतरतो, हा प्रश्न त्या अभिमानासोबतच विचारला पाहिजे.

याचे उत्तर मजुरीच्या हिशेबात आणि जातीच्या इतिहासात आहे. यंत्राला भांडवल लागते, देखभाल लागते, अरुंद गल्लीत शिरेल असा त्याचा आकार घडवावा लागतो. माणूस मात्र कंत्राटदाराला काही शे रुपयांत मिळतो, आणि तो बहुधा ज्या जातींतून येतो त्यांच्या मरणाने शहराचा दिनक्रम थांबत नाही. जेथे माणसाचे मोल कमी धरले जाते तेथे यंत्र महाग वाटते. गिरणीतल्या धोट्याची गोष्ट येथे पुन्हा घडताना दिसते.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहासही येथे आठवतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. ठराव कागदावर असणे आणि ओंजळीत पाणी येणे यांत जे अंतर तेव्हा होते, तेच अंतर आज २०१३ चा कायदा आणि मॅनहोलचे झाकण यांत आहे.

या क्षेत्रात एक प्रयोग उल्लेखनीय आहे. दिल्लीत २०१९ साली अरुंद गल्ल्यांत जाऊ शकणारी सुमारे २०० गटारसफाई यंत्रे कामाला लावण्यात आली आणि दलित उद्योजकांच्या संघटनेच्या सहकार्याने त्यांची मालकी सफाईकामाशी संबंधित कुटुंबांतील व्यक्तींना देण्याची योजना झाली. नुसते यंत्र आणले असते तर गटारात उतरणारा माणूस वाचला असता, परंतु त्याची रोजी गेली असती. मालकीचा प्रश्न सोडविला म्हणजे जीव आणि रोजी दोन्ही राखता येतात. गांधीजींनी व्यक्त केलेली बेकारीची भीती आणि बाबासाहेबांचा यंत्राविषयीचा आग्रह, या दोहोंना एकाच वेळी उत्तर देण्याचा हा मार्ग आहे. मात्र मैला साफ करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींकडे राहावे काय, हा प्रश्न यंत्राच्या मालकीनेही सुटत नाही. त्याचे उत्तर शिक्षणातच शोधावे लागेल.

६. बोटांचे ठसे

चौथे उदाहरण थोडक्यात पाहू. शिधावाटप दुकानात धान्य घेताना आता बोटाचा ठसा यंत्रावर जुळवावा लागतो. खोट्या शिधापत्रिकांना आळा बसावा, हा त्यामागील हेतू आहे आणि तो योग्य आहे. परंतु दगड फोडणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटांवरील रेषा कामाने झिजतात. वृद्धापकाळी त्या आणखी पुसट होतात. खेड्यात मोबाइलचे जाळे नसले की यंत्रही हतबल होते. मग ज्याने आयुष्यभर सर्वाधिक श्रम केले, त्यालाच यंत्र ओळखत नाही. आधार योजना वैध ठरविणाऱ्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही, ओळख पटली नाही एवढ्या कारणावरून कोणाला हक्काच्या लाभापासून वंचित ठेवू नये, ही काळजी सर्वोच्च न्यायालयाला व्यक्त करावी लागली.

येथे कोणाच्याही मनात जातिद्वेष असण्याची गरज नाही. यंत्र घडविणाऱ्यासमोर झिजलेली बोटे नव्हती, एवढेच कारण पुरेसे आहे. आज जी बुद्धिमान यंत्रे येत आहेत ती जुन्या माहितीवरून शिकतात. जुन्या माहितीत जुना भेदभाव असेल तर यंत्रही तोच शिकेल, आणि यंत्राचा निर्णय म्हणून त्याला प्रश्न विचारणे अधिक कठीण होईल.

७. निष्कर्ष

या चार उदाहरणांवरून कोणत्याही तंत्रज्ञानाला विचारावयाचे चार प्रश्न हाती येतात. त्याविषयीचा निर्णय कोणी घेतला? त्याचा लाभ कोणाला होतो? त्याची किंमत कोण मोजतो? आणि ज्याला किंमत मोजावी लागते त्याला नकार देण्याचा अथवा दाद मागण्याचा अधिकार आहे काय? गिरणीत, धरणावर, गटारात आणि शिधादुकानात जेथे जेथे अन्याय झाला, तेथे तेथे या प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर असमाधानकारक होते.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक वृत्ती व सुधारणावाद यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. कलम ५१-क मधील या तरतुदीत वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शेजारीच मानवतावाद आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बुवाबाजीला बळी न पडणे हा वैज्ञानिक दृष्टिकोनाचा एक भाग झाला. यंत्राच्या झगमगाटालाही बळी न पडता, आकडे कोणी मोजले व कोणाला मोजलेच नाही हे तपासणे, हा त्याचा दुसरा भाग आहे.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही संगणकावर प्रणाली लिहितील, काही नगरपालिकेत निविदा तयार करतील, काही त्या निविदांवर सही करतील. गटार साफ करण्याच्या निविदेत ‘मनुष्यबळ’ लिहावे की ‘यंत्र’ लिहावे, हे तेव्हा त्यांच्या लेखणीवर अवलंबून असेल. ठसा जुळला नाही तर धान्य देण्याची दुसरी सोय ठेवावी की नाही, हे त्यांच्यापैकी कोणीतरी ठरवील. ज्यांच्या वाडवडिलांविषयीचे निर्णय आजवर दुसऱ्यांनी घेतले, ती मुले निर्णयाच्या जागी जाऊन बसणे हेच आपल्या शिक्षणाचे प्रयोजन आहे. तेथे बसल्यावर वरील चार प्रश्नांचा विसर पडला तर केवळ खुर्चीवरची माणसे बदलतील आणि व्यवस्था तशीच राहील. प्रश्न स्मरणात राहिले, तर बाबासाहेबांच्या विचाराचा जो अर्धा भाग अजून अमलात यावयाचा आहे, त्याची सुरुवात तेथून होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यंत्र आणि फुरसत यांचा लोकशाहीशी काय संबंध आहे, हे आपल्या शब्दांत सांगा.
२. हाताने सूत ओवता येणारा धोटा उपलब्ध असूनही विणाई खाते बंद का राहिले असावे?
३. आपल्या तालुक्यातील एखाद्या धरणाची माहिती मिळवा. लाभधारक गावे आणि बुडालेली गावे यांची स्वतंत्र यादी करून तुलना करा.
४. आपल्या शहरात भुयारी गटारांची सफाई कशी होते, याची माहिती नगरपालिकेकडून माहितीच्या अधिकारात मागविण्यासाठी अर्जाचा मसुदा तयार करा.
५. आपल्या घरात अलीकडे आलेले कोणतेही एक यंत्र घ्या. त्यामुळे कोणाचे कष्ट कमी झाले आणि वाचलेला वेळ प्रत्यक्षात कोणाला मिळाला, हे घरातील सर्वांना, विशेषतः आईला, विचारून लिहा.